व्हिएन्नातलं पहिलं बाळंतपण

आष्टीत कोणाच्या घरी बाळ झालं की दवाखान्यातून सुट्टी मिळाल्याबरोबर अन्नपूर्णाकाकूंना बोलावणं जातं. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं, खाटेखाली शेगडी ठेवून शेक देणं, बाळाची टाळू भरणं, हे त्या पंचवीस-सव्वीस वर्षांपासून करतात. घरी संत्र्याचा बगीचा आहे, पोटासाठी करायची गरज नव्हती. हाताला गुण आहे, लोक बोलावतात, त्या जातात. मी शेजारचा. मलाही त्यांनीच पायावर घेऊन न्हाऊ घातलं आहे, आणि हे त्या चारचौघांत सांगून मला लाजवतात.

त्यांना रक्षा ही एकच मुलगी. तिनं वर्ध्याला नर्सिंग केलं, जर्मन शिकली आणि व्हिएन्नातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. जावई योगेंद्र तिथंच एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतो. जुलैत रक्षाचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती, पण गर्भाशयातली वार खाली असल्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती.

पहिलं बाळंतपण माहेरचं. काकूंनी त्यावर फार विचार केला नाही.

"पोरगी येत नाई तं मी जातो," त्या म्हणाल्या आणि पासपोर्ट काढायला माझ्याकडे आल्या.

मी घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. लॅपटॉप माझा, म्हणून सगळी तयारी माझ्या खोलीत सुरू झाली. पासपोर्ट सप्टेंबरात आला. डिसेंबरच्या पंधरा तारखेला निघायचं आणि तीन महिने राहायचं ठरलं. काकूंना मी नकाशावर रक्षाची गल्ली दाखवली. त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवत विचारलं, "इथं शेगडी भेटन का रे, गजेंद्र?"

"काकू, तिथं घरात धूर झाला की भोंगा वाजते. आगीचा बंब येते."

"शेक देल्यावर बंब येते? कोन्या गावी देली बापा मी पोरगी!"

काकूंचे यजमान, लक्ष्मणकाका, दारात उभे होते. "मंग त्या बंबवाल्याइलेही शेक देजो," ते म्हणाले. "तिथं बरफ पडते म्हंते."

डिंक, मेथी, बाळंतशेपा, ओवा यांच्या पुड्या बांधून झाल्या. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून झाली. मी व्हिसाचा अर्ज भरत होतो. नातं दाखवायला रक्षाचा जन्मदाखला लागणार होता. तो स्कॅन करताना मी थांबलो. आईच्या नावापुढे लिहिलं होतं, छाया.

"हे कोण, काकू?"

"मीच नं बापा. माहेरचं नाव हाय माह्यं."

रक्षा काकूंच्या माहेरी, वरूडजवळच्या गावात जन्मली. ग्रामपंचायतीत नोंद करायला काकूंचे वडील गेले. लेकीचं नाव विचारल्यावर त्यांच्या तोंडून छायाच निघालं, कारण त्यांच्या घरात अन्नपूर्णा नावाची कोणी बाई नव्हती. लग्नात लक्ष्मणकाकांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं अन्नपूर्णा असं लिहिलं होतं. नाव बदलल्याचा तेवढाच एक लेखी पुरावा. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले. लग्नाची नोंद कुठं झालीच नव्हती. रक्षाचा पासपोर्टही त्याच दाखल्यावरून निघाला होता, त्यातही छाया. काकूंच्या नव्या पासपोर्टावर मात्र अन्नपूर्णा.

"कोनाले मालूम नाई?" काकू म्हणाल्या. "अख्खं गाव सांगन."

आणि मी, ज्याला दोन ठिकाणची माहिती जुळते का हे पाहण्याचाच पगार मिळतो, मी म्हणालो, "चालते काकू. एक प्रतिज्ञापत्र जोडू."

नोव्हेंबरात मी त्यांना मुंबईला व्हिसा केंद्रात घेऊन गेलो. बोटांचे ठसे झाले. काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढं-मागं केले आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही त्यांच्या सावत्र आई आहात का?"

काकूंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं, तिनं मान डोलावली.

डिसेंबरच्या आठ तारखेला पासपोर्ट परत आला. सोबत व्हिसा नाकारल्याचा छापील कागद, एका चौकोनात फुली. प्रवासाचं कारण विश्वासार्ह वाटत नाही.

मग धावाधाव. ग्रामपंचायतीत सांगितलं, आईच्या नावाचा बदल राजपत्रात छापून आणा, मग दुरुस्ती करू. राजपत्राचा अर्ज टाकला. शाळेचा दाखला शोधला, त्यावर छाया. लग्नपत्रिका सापडली, त्यावरही छाया. प्रत्येक कागद खरा होता, आणि कागदागणिक अन्नपूर्णाकाकू जास्तच परक्या ठरत होत्या. पंधरा तारीख गेली. मी रोज राजपत्राची वेबसाइट उघडत होतो. "काय म्हंते?" त्या कुंपणापलीकडून विचारायच्या. पंचवीस तारखेनंतर विचारणं बंद झालं.

जानेवारीच्या चार तारखेला सिझर झालं. मुलगी. सहाव्या दिवशी रक्षाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच होतो. योगेंद्र कामावर गेला होता. रक्षा एकटी पलंगाच्या कडेला बसली होती, केस विस्कटलेले.

"टाके दुखतेत काय वं?"

"उठताच येत नाई, आई. ते रडून राह्यली अन् मी पाहून राह्यली." मग तिला रडू फुटलं. "आई, तू सगळ्याइच्या पोरींकडं जातं. माह्याकडंच काऊन नाई आली वं?"

काकूंनी बोट ठेवून फोन बंद केला. "कट झाला," त्या मला म्हणाल्या. दुपट्यांचं गाठोडं तसंच कोपऱ्यात होतं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतून जिजाबाई आल्या. त्यांची सून बाळंत झाली होती. काकू म्हणाल्या, हात दुखते. त्यानंतर आणखी दोन घरांतून बोलावणं आलं, त्यांनाही तेच उत्तर गेलं.

राजपत्र फेब्रुवारीच्या शेवटी निघालं. छापून घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. "काकू, आलं! आता दाखला दुरुस्त करू अन् परत अर्ज टाकू. पुढच्या वेळेले तरी..."

त्या तुरीची डाळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"पुढच्या वेळचं सासरी असते, गजेंद्र," त्या म्हणाल्या. "माहेरचं एकच असते."

मी कागद टेबलावर ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू लागला, म्हणून लक्ष्मणकाकांनी त्यावर पाण्याचा गडू ठेवला.