ओरिजिनल पत्रा

तात्यांची ती विलायती गाडी मला कधीच आवडली नाही. तिच्यात माझ्या अब्बांची तीन वर्षं गेली आणि शेवटी आम्हा बापलेकीतही ती आडवी आली.

तात्या लोणखेड्याचे बागायतदार. त्यांच्या मळ्यात, केळीच्या बागेलगतच्या शेडमध्ये ती पडून होती. चार दारांची, गोल बॉनेटची, तात्यांच्या आजोबांनी घेतलेली. मडगार्डवर हात फिरवला तर हाताला गंजाचा भुगा लागायचा. शहाद्यात बसस्टँडमागे अब्बांचं डेंटिंगचं दुकान आहे, तिथे तात्यांनी ती दुरुस्तीला आणली. दुसरा मिस्त्री असता तर भोकांत पुट्टी भरून वर रंग मारून मोकळा झाला असता. अब्बांनी सडका पत्रा कापून टाकला, पुठ्ठ्याचे साचे केले आणि वाळूच्या पिशवीवर नवा पत्रा ठोकून ठोकून ती गोलाई आणली. त्या ठोकाठोकीला अख्खी गल्ली शिव्या घालायची.

गाडी तयार झाली आणि तात्यांनी ती विकायला काढली. मोबाईलवर टाकायची जाहिरात मी लिहावी असं ठरलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. बारावीनंतर माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा तात्या दुकानात येऊन अब्बांना म्हणाले होते, "मिस्त्री, पोरले कॉलेजले धाड. लगीन कोठे पळी नही जात." ते उपकार मी आजही विसरलेले नाही.

अब्बांनी एकच ओळ मागितली. "लिख, पत्रा शहादे में बना, हाथ से."

ते ऐकून तात्या खवळले. "नवरी दखाडतांना कोनी सांगस का, इना दात बसाडेल शेतस? ओरिजिनल लिख!"

"मन्ही मेहनत शे ती, तात्या," अब्बा म्हणाले.

"मेहनत तुन्ही, गाडी मन्ही."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी 'ओरिजिनल' लिहिलं. इंजिन मूळचंच आहे, मग शब्द अगदी खोटा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठवड्याभरात सुरतचा एक व्यापारी आला. रुमालात गुंडाळून त्याने चुंबक आणलं होतं. पुट्टी भरलेली असली तर चुंबक धरत नाही, म्हणून जुनी गाडी घेणारे असं तपासतात. त्याने ते दारांवर, बॉनेटवर, चारही मडगार्डांवर लावून पाहिलं. सगळीकडे चट्ट बसलं.

"वाह सेठ! जरा भी पुट्टी नहीं. असली विलायती पत्तरा!"

"हमारे दादा के टाइम का," तात्या म्हणाले.

अब्बा गाडी पुसायचं फडकं घेऊन तिथेच उभे होते. काम जराही वाईट केलं असतं तर ते पकडलं गेलं असतं. चांगलं केलं, म्हणून ते त्यांचं राहिलंच नाही. मला राहवलं नाही.

"भाई, ये पत्तरा नया है. मेरे अब्बा ने बनाया."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "तुले शिकाडी, आनि तू मन्हाच घरमा आग लाई ऱ्हायनी!"

व्यापाऱ्याने मोबाईल काढून जाहिरात पाहिली. "इसमें तो ओरिजिनल लिखा है. किसने लिखा?"

"मैंने."

तो हसला. "तो झूठ कब बोली, तब या अब?" मग अब्बांकडे वळला. "चाचा, आपने बनाया?"

अब्बांनी नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी फडक्याची नीट घडी घातली.

"मैं अनपढ़ आदमी. बेटी ग्रॅज्युएट है. उसने ओरिजिनल लिखा, तो ओरिजिनलच होगा."

एवढं बोलून ते रस्त्याकडे चालू लागले. मी मागून हाक मारली, पण ते थांबले नाहीत.

गाडी सुरतला गेली. तात्या माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं मला फारसं वाटत नाही. अब्बा बोलतात. जेवलीस का, दार लाव, एवढंच. परवा रेशनकार्डाचा अर्ज त्यांनी कचेरीबाहेरच्या माणसाकडून लिहून आणला. मी घरातच होते.

"मुझे बोलना था ना, अब्बा."

"वो मैं बोलता वोइच लिखता," ते म्हणाले, आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.