पिठातली पावलं

आबांनी मला धुळ्याच्या कॉलेजात पाठवायला साफ नकार दिला आणि त्याच संध्याकाळी समजूत काढायला केळ्यांची फणी आणली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी ती अख्खी फणी धान्याच्या कोठीमागे भिरकावली. तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पंधरा दिवसांनी कोठीच्या त्याच खोलीत आबा बसल्या बसल्या गेले.

आमच्या भडगावकडे माणूस गेला त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, तो गेलेल्याचा पुढचा जन्म. मायनं टोपली उचलली तर पिठात तिळाहून बारीक काळी चिलटं, आणि त्यांच्या सरपटण्याच्या रेघा. मी हात उगारला.

"मारू नको बेटा," माय म्हणाली, "तुना आबा शेतस."

दुपारी झाडू घेऊन मी कोठीमागे वाकले. केळ्यांचा काळा रेंदा झाला होता, आणि चिलटं त्यातूनच उठत होती. झाडून टाकलं की संपलं! पण तिकडे चुलीपाशी माय चिलटांशी बोलत होती, आबांशी जन्मात बोलली नसेल इतकं मोकळं. मी झाडू परत ठेवला. पुढे दर आठवड्याला एक पिकलेलं केळं गुपचूप कोठीमागे टाकू लागले.

जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म मायपुढे धरला. एक चिलट त्यावर येऊन बसलं. "हो म्हनी ऱ्हायनात," म्हणत तिनं अंगठा उठवला. आबांनी नाकारलेली परवानगी मी त्यांच्याच केळ्यांतून मिळवली होती. त्याचा आनंद मात्र झाला नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा खोली स्वच्छ होती. एकही चिलट नाही. माय कोठीला टेकून बसलेली.

"तू गयी, आनि पंधरा दिनमा तुना आबा बी गयात," ती म्हणाली. "मनं काय चुकनं व्हई?"

केळ्यांचं मी तिला कधीच सांगितलं नाही. काही वर्षांनी माय गेली. ती गेली त्या जागी मी स्वतः पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली घातली. सकाळी पाहिलं तर पीठ कोरंच्या कोरं.