पिंपात उरलेले क्लब

नारायण पेठेत राहणाऱ्या एका बाईंनी मला मदत केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण एकदा मी माझं सांगायला बसले की त्या मागे राहून जातील. बँकेतून निवृत्त झालेल्या, उजवा खांदा दुखावलेला, आणि बोलणं असं की ऐकताना राग यावा नि घरी गेल्यावर हसू. मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं ते त्यांनीच.

मी गोंदियाकडची, धानाच्या गावातली. आठवीत शाळा सुटली. पुण्यात आले आणि खराडीत, ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमागे, गोल्फच्या एका छोट्या मैदानावर कामाला लागले. टीव्हीत दाखवतात तसलं ते मोठं मैदान नाही. नऊ होल, सगळे आखूड. जिथून चेंडू मारायचा तिथूनच होलचा झेंडा दिसतो. ऑफिस सुटलं की पोरं-पोरी येतात, क्लब भाड्याने घेतात, चेंडूला सोडून गवताला मारतात आणि हसतात. क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी, खाली लोखंडी पातं असलेली. ती पुसायची, चेंडू गोळा करायचे, धुवायचे, हे माझं काम.

मागच्या थंडीत आई गेली. मी गावी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरात आई आणि मी, दोघीच होतो. मी घराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि परत आले. शेजारच्या बाया म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. जेवायची, पण काय जेवले ते विचारलं तर सांगता यायचं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो ना, तसं सगळं आतून झोपलेलं. भीती तेवढी जागी होती. खोलीला कुलूप लावलं की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची.

अशात काउंटरवरच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"काउंटरला बसणार का?"

"हो सर."

"नुसतं हो सर नाही. नवीन माणूस येतो, त्याला कुठला क्लब द्यायचा ते सांगता आलं पाहिजे. स्वतः खेळल्याशिवाय ते कळत नाही. मागच्या पिंपातून तुमच्यासाठी क्लब निवडा, रोज थोडा हात मारा. रविवारी सकाळी माझ्याबरोबर खेळायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"चेंडू गोळा करायला मशीन येतंय पुढच्या महिन्यात," ते म्हणाले आणि फोनकडे वळले.

म्हणजे काउंटर मिळालं नाही तर कामच नाही. काम नाही तर खोली नाही. आणि मग गावी जाऊन ते कुलूप उघडायचं. आत पाऊल टाकायचं. त्याच्यापुढे माझा विचार जात नव्हता.

पिंप म्हणजे शेडमागचं निळं प्लास्टिकचं पिंप. लोकांनी सोडून दिलेले जुने क्लब त्यात उभे असतात. काउंटरचे कमी पडले की त्यातलेच भाड्याने जातात. मी दुपारी जाऊन पाच काढले. मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर, ज्याने सगळ्यात लांब मारतात तो. तीन नंबरचा आयर्न, म्हणजे चपट्या पात्याचा, चार नंबरचा आयर्न, आणखी एक जाड दांड्याचा, आणि एक पटर, म्हणजे होलपाशी चेंडू हळूच ढकलायचा. फार विचार केला नव्हता. हे क्लब कोणी नेत नव्हतं. मी नेले तर कोणाची अडचण होणार नव्हती.

दोन दिवस मारत होते. चेंडू उडायचाच नाही. कधी उंदरासारखा गवतातून पळायचा, कधी जागेवरच. हातांना झिणझिण्या यायच्या. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. माती उडताना नुसती बघत राहायची.

"अहो, जमिनीवर राग आहे का काही?"

मागे बाकावर त्या बाई बसल्या होत्या. खांद्यामुळे त्यांचं मारणं बंद होतं, पण बॅग घेऊन यायच्या, होलजवळ दोन-चार चेंडू ढकलायच्या आणि बाकावर बसून सगळ्यांच्या चुका बघायच्या.

"सॉरी मॅडम."

"मॅडम मी बँकेत होते. इथं बाई म्हणा. आणि सॉरी मला कशाला, त्या गवताला म्हणा. हे कुठून उचललंत?"

"पिंपातून."

"सगळ्यात अवघड तेवढेच बरे सापडले. तीन नंबर, चार नंबर! अहो, वर्षानुवर्षं खेळणारे यांना हात लावत नाहीत. का घेतलेत?"

"हे कोणी नेत नाही, बाई. चांगले लोकांना लागतात."

त्यांनी तीन नंबर माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, चुकलं काहीतरी. म्हणून मीच सांगत सुटले. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरी बाया जेवायला असायच्या. आई सगळ्यांना वाढायची आणि भाताच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाला जे राहील ते आम्ही दोघी खायचो. कधी नुसती तळाला लागलेली खरवड. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, तशीच पद्धत होती. कोणी 'घे' म्हटलं की माझा हात आपोआप उरलेल्याकडे जातो.

"हं," बाई म्हणाल्या. "भाताचं मला माहीत नाही. क्लब मात्र उरतात ते मारायला कठीण असतात म्हणून. साहेबांनी तुम्हाला निवडा म्हटलं होतं, उरलेलं संपवा नव्हतं म्हटलं. चला."

पिंपाशी जाऊन त्यांनी मला सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले. क्लब जमिनीवर टेकवून मुठीची जागा माझ्या मनगटाशी कुठे येते ते बघितलं. नंबर वाढेल तसा दांडा आखूड होतो, पातं आडवं होतं, चेंडू उंच जातो आणि लवकर पडतो. "आपला होल केवढा? मग लांबचा सोस कशाला?" एक सात नंबर काढून माझ्या हातात दिला. "कसा आहे?"

"बरा आहे."

दुसरा दिला. "हा?"

"हाही बराय."

"अहो, बरा काय? तुम्हाला स्थळ म्हणून दाखवायला आणलाय का तो? आवडला की नाही ते सांगा."

मला सांगता येईना. खरंच येईना. आवडणं-नावडणं कुठून येतं तेच विसरल्यासारखं झालं होतं. मग मी म्हटलं, "बाई, मला आई गेल्यापासून काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांत्वन वगैरे केलं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. "तुम्हाला नाही कळत तर हाताला विचारू. प्रत्येक क्लबने एक चेंडू मारा. जो मारून हात दुखला नाही तो ठेवा."

ते मला जमलं. हात दुखला की पिंपात, नाही दुखला की बाजूला. सात नंबर राहिला. एक वेज राहिला, जवळून चेंडू उचलून टाकायचा. पटर लहान मुठीचा निवडला. नऊ नंबर मात्र पिंपात सगळे जड. बाईंनी स्वतःच्या बॅगेतून त्यांचा काढला. हलका, दांड्याला फिकट निळा पट्टा.

मी मारला. आवाजच वेगळा आला, छोटा आणि स्वच्छ. चेंडू वर गेला. हातांना काही झालं नाही.

"ठेवा," बाई म्हणाल्या.

"बाई, हा तुमचा..."

"माझ्या खांद्याला आता तो काय कामाचा? रविवारी मला दवाखान्यात बोलावलंय, ऑपरेशन आहे. नाहीतर हसायला नक्की आले असते."

रविवारी साहेबांनी माझी बॅग बघितली. "चारच? बॅग आहे की भाजीची पिशवी?"

खेळले वाईटच. एक चेंडू पाण्यात, एक कुंपणाबाहेर. झाडाजवळच्या होलला नऊ नंबर घेतला आणि चेंडू ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या त्या बारीक गवतावर, जाऊन थांबला. साहेब "हं" म्हणाले. मला आनंद झाला का? माहीत नाही. चेंडू थांबलाय एवढं दिसत होतं.

परत आलो तर काउंटरपाशी एक तरुण उभा. नवे बूट, पहिलीच वेळ. "मॅम, तो मोठावाला द्या ना, ड्रायव्हर."

साहेब बाजूला झाले. बघू लागले.

"अहो, त्याने मारलात तर चेंडू तुमच्या ऑफिसात जाऊन पडेल," मी म्हटलं. कोणाचा आवाज होता तो, मलाच नवल वाटलं. "हा सात नंबर धरून बघा. हात सैल सोडा."

त्याने धरून बघितला. मग माझ्या बॅगेकडे बोट केलं. "आणि तो निळ्या पट्टीचा? तो मस्त आहे, तोच द्या."

"तो नाही मिळणार. तो माझा आहे."

हे तोंडातून गेलं आणि मी घाबरले. गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, तेही साहेबांसमोर. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. कोणी मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालं होतं ते मला आठवेना.

साहेब म्हणाले, "त्यांना काउंटरचा नऊ नंबर द्या. आणि उद्यापासून टोपी काढून आत बसा, उन्हात फिरायचं नाही."

किल्ली अजून पर्समध्ये आहे. गावी जाईन कधीतरी, पण काम सुटलं म्हणून नाही. आत काही फार जागं झालंय असं म्हणणार नाही. नऊ नंबर मात्र मी रोज स्वतः पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

बाई ऑपरेशननंतर अजून आलेल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "खांदा जागेवर आहे, फक्त माझं ऐकत नाही." मी त्यांना तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. बाई, तुम्ही याल तेव्हा तुमची बॅग मी उचलीन. दोन्ही हातांनी खेळा, नाहीतर एकाच हाताने, कसंही. प्रत्येक होलला तुमचा क्लब मी निवडून देईन, आणि तो पिंपात उरलेला नसेल.