विठूचे गडी

मुळगावात विठूइतका सावध माणूस दुसरा नव्हता. मी त्याचा शेजारी, म्हणून सांगतो, आणि सांगताना आजही माझं डोकं फिरतं. बाप सावंतवाडीकडून खाणीवर आलेला. विठूही खाणीच्या वर्कशॉपात सुतारकाम करायचा. तिथे एक माणूस यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेला, तेव्हा त्याच्या बायकोपोरांना विम्याने तारलेलं विठूने डोळ्यांनी पाहिलं. ते त्याच्या मनात बसलं.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी विठूने खाण सोडली आणि घरदुरुस्तीचा धंदा काढला. कुजलेले वासे बदलायचे, गिलावा, रंग, आणि मुख्य म्हणजे नळे परतायचे. कौलांना आम्ही नळे म्हणतो. दर उन्हाळ्यात ते उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवावे लागतात. खाणीची तांबडी धूळ बसते तिथे तर चुकवून चालतच नाही. पण पाटी लावायच्या आधी या गृहस्थाने डिचोलीहून विम्याचा एजंट बोलावला. गाव हसला. माडावर चढायचाही विमा काढ म्हणून मीही त्याची चेष्टा केली.

एजंट बाबाजी ओट्यावर बसला, चहापाव झाला. कामावर कोण कोण गडी, त्याने विचारलं. विठूने सुदेश आणि यशवंत, या रोजावरच्या दोघांची नावं सांगितली. छपरावर चढणारा तिसरा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ शंभू. चढण्यात तोच सगळ्यांत तरबेज.

"आणि हा?" शंभूकडे बोट करून बाबाजी म्हणाला.

"तो माझो भाव. तो कसो गडी?"

शंभूचा चेहरा उतरला होता. "माका गडी करतलंस तू?" त्याने विठूला विचारलं. दोघे एका चुलीवर जेवणारे. लागेल ते शंभूने घरातून घ्यावं, हिशेब कोणी मागू नये, अशी त्यांची रीत. आमच्याकडे सख्ख्या भावाला गडी म्हणणं म्हणजे घराची वाटणी मागण्यासारखंच. दाराआडून शंभूची बायको तारा म्हणाली, "नाव घातल्यान काय होता? घाला." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, शंभूचं नाव यादीत आलंच नाही. बायकांचं कोण ऐकतो, आणि मग रडायला त्याच लागतात.

दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात इब्रामपूरला एका जुन्या घराचं काम निघालं. वासा वरून धड दिसत होता, आतून वाळवीने खाल्लेला. शंभूने पाय टाकला आणि तो खाली, मागच्या दारच्या धुण्याच्या दगडावर. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. पदरात दोन लहान मुली. मला अजून राग येतो, कोणाचा ते कळत नाही.

बाबाजी भला माणूस. त्याने विठूला बाजूला घेऊन सांगितलं, "विमा कंपनीचा साहेब चौकशीला येईल. शंभू रोजावर होता, नाव घालायचं राहून गेलं, असं सांग. काहीतरी पदरात पडेल." विठू कबूल झाला. ताराच्या जिवात जीव आला.

साहेब आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. शंभूची खाट आत, दार उघडं. "हा तुमचा कोण?" साहेबाने विचारलं.

विठूने जमिनीकडे बघत उत्तर दिलं, "गडी. तो रोजावर होतो."

साहेब आत गेला आणि शंभूला विचारलं, रोज किती मिळायचा? शंभू वाशांकडे बघत पडून होता. त्याने ऐकलं होतं सगळं. मला वाटलं, धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा.

"भावाकडना रोज कोण घेता?" शंभू म्हणाला.

झालं. रोज नाही म्हणजे गडी नाही, गडी नाही म्हणजे विमा नाही; साहेबाने पिशवी उचलली. तारा चुलीपुढे जाऊन बसली. विठूने भावाला एका शब्दाचाही बोल लावला नाही, त्या दिवशी नाही की नंतर नाही. मी असतो तर बोललो असतो, भरपूर बोललो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात विमा नवा करायला बाबाजी पुन्हा आला. ओटा तोच. शंभू खाटेवर, आता दोन कुटुंबांचं एकट्या विठूच्या कमाईत भागत नव्हतं. विठूने सुदेश आणि यशवंतची नावं सांगितली. तेवढ्यात तारा दाराआडून बाहेर आली आणि थेट थोरल्या दिराच्या समोर उभी राहिली. गिलाव्याला वाळू वाहायला, नळे खालून वर द्यायला ती जाणार होती.

"भावजी, माझा नाव पयला घाला," ती म्हणाली. "गडी म्हणान."

विठूने आतल्या खाटेकडे पाहिलं. मग बाबाजीला तिचं नाव सांगितलं.

शंभू जागा होता. या खेपेला तो काही बोलला नाही.