ढगात जायची घाई

समोरचा माणूस एखाद्या गोष्टीची तोंड भरून तारीफ करू लागला की नाना चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बरं. मंग?"

एवढंच. आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. पण त्या "मंग"पुढे भलेभले विक्रेते बॅग आवरायला लागलेले मी पाहिले आहेत. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. नसेल, तर तुमचं आयुष्य सुखात चाललंय आणि घरात न लागणाऱ्या बऱ्याच वस्तू तुम्ही विकत घेतलेल्या आहेत.

नाना आमचे मालक. जळगावात औषधांचा घाऊक व्यापार आणि धुळ्याला शाखा. दोन्ही जिल्ह्यांतल्या मेडिकल दुकानांना आणि दवाखान्यांना आमच्याकडून माल जायचा. बिलिंग आणि कॉम्प्युटर मी सांभाळत होते. नाना मला "मॅडम" म्हणायचे, हमालाला "साहेब" म्हणायचे आणि खरोखरचे साहेब आले की त्यांना "भाऊ" म्हणून स्टुलावर बसवायचे.

ऑफिसात सगळ्यात मानाची जागा मात्र नानांना नव्हती, सर्व्हरला होती. त्याला स्वतंत्र खोली, ऑफिसातला एकुलता एक एसी, आत चपला घालून जायचं नाही, दार आपटायचं नाही. नाना त्याला "जावईबापू" म्हणत. काम थोडं, सरबराई फार, आणि रुसला तर सगळं घर उपाशी. मे महिन्यात जळगावचं ऊन डोकं भाजायला लागलं की आमचा स्टाफ आळीपाळीने जावयाची विचारपूस करायला आत जायचा आणि डबाही तिथंच खाऊन यायचा. यंत्रावर इतकी माया करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

माया कमी पडली असावी. एका उन्हाळ्यात वीज जात-येत राहिली आणि जावईबापूंनी मान टाकली. दुरुस्त करून त्यांच्यावर माहितीची जुनी कॉपी चढवली, पण ती बरीच शिळी निघाली. मधल्या काळात कुणाला काय दिलं हे दुकानदारांनाच विचारावं लागलं. त्यांनी ते आपल्या स्मरणशक्तीप्रमाणे, म्हणजे आपल्या सोयीप्रमाणे, सांगितलं.

हे निस्तरत असताना नानांचा पुतण्या धुळ्याहून आला. तिकडची शाखा तोच पाहायचा. पुण्याला व्यवस्थापन शिकलेला, हुशार, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई त्यालाही होती. त्याचं म्हणणं साधं होतं. आता सर्व्हर बाळगायचाच कशाला, सगळं क्लाउडवर न्यायचं. आपली माहिती दूर कुठंतरी मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर राहील, आपण इंटरनेटवरून ती वापरायची, वीज आणि एसीची काळजी त्यांनी करायची. येताना तो एक सल्लागारही घेऊन आला होता. भर उन्हाळ्यात जळगावात टाय लावून आलेला माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो, त्यामुळे स्टाफमध्ये त्याच्याबद्दल आदर आणि काळजी दोन्ही होती.

सल्लागाराने भिंतीवर चित्र दाखवलं. एक ढग हसत होता आणि त्याच्याखाली माणसं टाळ्या वाजवत होती. आमच्या भागातले ढग असेच हसून पुढे निघून जातात, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, एका झटक्यात सगळं हलवू, तुम्हाला कळणारही नाही.

नानांनी चष्मा टेबलावर ठेवला.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. धुळ्यात इंटरनेट बंद पडलं तर बिल कसं करायचं? उद्या तुमचं-आमचं पटलं नाही तर माझी माहिती मला परत मिळेल का, आणि मिळाली तर दुसऱ्याला वाचता येईल अशी मिळेल का? माझा स्टाफ शिकणार कधी, दुकान चालू असताना की बंद करून? आणि आम्हाला नेमकं काय दुखतंय म्हणून हे औषध? प्रत्येक प्रश्नावर सल्लागार इंग्रजीत "काळजी करू नका" म्हणत राहिला. ते इंग्रजीत म्हटलं की काळजी कमी होते, असा त्याचा अनुभव असावा.

शेवटी पुतण्या वैतागला. जग कुठं गेलं आणि आपण कुठं बसलोय, असं काहीसं तो म्हणाला.

रागात किंवा मायेत असले की नाना अहिराणीवर यायचे. त्या दिवशी यातलं नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "ढगमा जावानी इतली घाई कसाले, भाऊ? मी जासू ना तुन्हा आधी."

आम्ही हसलो. सल्लागारही हसला, कारण बाकीचे हसत होते.

नाना "नाही" म्हणाले नव्हते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि आपल्याकडे आहे काय ते आधी बघू म्हणाले. आम्ही ग्राहकांची नावं तपासायला बसलो. एकच मेडिकल दुकान तीन निरनिराळ्या स्पेलिंगनी तीन दुकानं होऊन बसलं होतं. बंद पडलेली दुकानं आमच्याकडे जोरात चालू होती. चोपड्याकडचे एक दुकानदार वारून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडून त्यांना दर दिवाळीला दीर्घायुष्याच्या शुभेच्छांचा मेसेज जात होता. त्यांचं नाव काढून टाकताना नाना म्हणाले, "राहू द्या मॅडम. ढगात पोचलेला आपला एक तरी माणूस आहे." आणि मग थोडं थांबून, चांगला होता हो, असं म्हणून स्वतःच नाव काढायला लावलं.

हे काम कंटाळवाणं होतं आणि लांबत चाललं होतं. पुतण्याला धीर निघेना. त्याने धुळ्याची शाखा आपल्या हिमतीवर हलवायचं ठरवलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, मुहूर्त धरला, नव्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले आणि जुनं मशीन भंगारात देऊन टाकलं. परतीचा रस्ता आपल्या हाताने बुजवल्यावर माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो त्याच्या चेहऱ्यावर फोटोत स्पष्ट दिसत होता. फोटो त्याने नानांना पाठवला. नानांनी पेढा पोचला नाही, एवढंच कळवलं.

सुरुवातीला बरं चाललं. मग स्टाफच्या लक्षात आलं, की गोदामात आहे ते स्क्रीनवर नाही आणि स्क्रीनवर आहे ते गोदामात नाही. जुनी माहिती न तपासता तशीच वर गेली होती. म्हणजे कचरा तोच, फक्त आता तो कुठूनही बघता येत होता. शिकवायला येणार म्हणालेला सल्लागार नाशिकला दुसऱ्या कुणाला तरी हसरा ढग दाखवत होता.

पावसाळ्यात एका दुपारी शिरपूरकडच्या एका दवाखान्यातून जळगावला नानांना फोन आला. शेतात निंदणीला गेलेल्या एका बाईला साप चावला होता. दवाखान्यातली सापाच्या विषावरची इंजेक्शनं कमी पडत होती, आणि धुळ्याच्या शाखेने माल नाही म्हणून सांगितलं होतं. जळगावहून पाठवायचं तर वेळ जाणार. डॉक्टरांचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता.

नानांनी धुळ्याला फोन लावला. पुतण्यानेच उचलला. तो सांगू लागला, की सिस्टिममध्ये शून्य दाखवतंय, कंपनीकडे तक्रार टाकलीय, उत्तर आलेलं नाही. नानांनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "फ्रिजले पासवर्ड शे का?"

पलीकडून धावत गेल्याचा आणि फ्रिज उघडल्याचा आवाज आला. खोकी आत होती. नुसती होती असं नाही, दार उघडल्याबरोबर समोर होती. पुतण्या ती घेऊन स्वतः गाडी हाकत शिरपूरला गेला.

बाई वाचली. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत नाना ऑफिसात कुणाशीही तिरकं बोलले नाहीत, आणि ते तिरकं बोलत नव्हते म्हणून आम्हाला फार भीती वाटत होती.

नंतर ते धुळ्याला निघाले आणि मलाही सोबत घेतलं. आता पुतण्याची सालटी निघणार, हे वाटेत मी गृहीत धरलं होतं. स्टाफनेही धरलं असावं, कारण आम्ही पोचलो तेव्हा प्रत्येकाला गोदामात अगदी आतलं काहीतरी काम निघालं. पुतण्या काउंटरमागे उभा होता. दोन दिवस झोपला नसावा. त्याने नानांना सांगितलं, की तो हे सगळं बंद करतोय, जुनं मशीन पुन्हा विकत आणतो.

नाना त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "बंद कशाला? आता जळगावचंही न्यायचं. तूच न्यायचं."

पुतण्याला ती थट्टा वाटली. मलाही वाटली.

"त्या टायवाल्याला कुठं दुखतं ते अजून माहीत नाही," नाना म्हणाले. "तुला माहीत झालं. एवढं महाग शिक्षण मी वाया घालवू का?"

पुतण्याने मान खाली घातली. नाना कपातल्या चहाकडे बघत बसले. मी गोदामात गेले. मलाही आतलं काम निघालं.

पुढचे कित्येक महिने आम्ही ढगात गेलो, पण पायरी पायरीने. आधी फक्त माहितीची रोजची कॉपी वर पाठवली आणि ती परत खाली येते का ते पाहिलं. मग हिशेब नेले. बिलिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही दिवाळीची गर्दी उरकेपर्यंत जुन्या सर्व्हरला बाजूला चालू ठेवून. इंटरनेटच्या लाइन दोन घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकीने दगा दिला तर दुसरीला दगा द्यायची संधी मिळावी. कंपनीशी करार करताना आमची माहिती आम्हाला परत कशी मिळेल, हे पुतण्याने आधी विचारलं. नाना शेजारी गप्प बसून होते. चष्मा डोळ्यांवरच होता.

आणि एका सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, बिलिंग बंद पडलं. काउंटरवर माणसांची रांग, फोन वाजतायत, आणि सगळ्यांचे स्क्रीन गोठलेले. आम्ही दुसरी लाइन लावली, छापील पावत्या काढल्या, धावपळ केली, एकमेकांवर ओरडलो. गाडं रुळावर आलं तेव्हा नाना आतून आले. त्यांच्या हातात केबल होती. त्यांनीच काढली होती.

मी त्यांना बोलले. मालक असले म्हणून काय झालं, असं करतात का, वगैरे बरंच बोलले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पडायचंच असेल तर मी समोर असताना पडा."

त्या रविवारी त्यांनी सगळ्या स्टाफला बामणोदकडे एका मळ्यात भरताची पार्टी दिली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. केबलचा राग भरताबरोबर गिळला गेला. नाना स्वतः वाढत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, वर ढगात असं मिळेल का?

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी फिरून आले, पाणी मागितलं आणि खुर्चीतच मान टेकली. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. दुकान बंद. अंगणात तिरडीची तयारी चालली होती. पुतण्या बांबू धरून उभा होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुक्ताईनगरच्या एका प्रसूतिगृहातून होता. रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन संपलं होतं आणि एक बाळंतीण टेबलावर होती. पुतण्याने बांबू दुसऱ्याच्या हाती दिला, भिंतीकडे तोंड करून फोनवरच साठा पाहिला आणि बिल केलं. एक वयस्कर नातेवाईक म्हणाले, आजच्या दिवस तरी धंदा बाजूला ठेव.

पुतण्याने माझ्याकडे येऊन दुकानाची किल्ली दिली. "जळगावच्या फ्रिजमध्ये आहे. तुम्ही काढून द्याल का? गाडीला सांगितलंय."

मी अर्धं शटर वर करून आत शिरले. दिवा लावायचं सुचलं नाही. इंजेक्शनं मोजून घेतली, खोक्यात बर्फाच्या पिशव्या रचायला लागले. तेवढ्यात रस्त्यावरून नानांना घेऊन चाललेल्या माणसांची चाहूल आली. पुढे मडकं धरलेला पुतण्या असणार, मागे आमचा सगळा स्टाफ. शटरखालून मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. बाहेर जाऊन हात जोडावेत असं फार वाटलं. पण बर्फ वितळत होता, आणि गाडीवाला दाराशी येऊन उभा राहिला होता. मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.