सिस्टरांच्या पुढ्यातलं ताट

सिस्टर निवृत्त होऊन घरी आल्या, तेव्हा नवरा दारात बॅगा भरून तयार होता. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. खरं नाव बहुधा एकट्या नवऱ्याला आठवत असावं आणि तोही ‘अगं’वर भागवायचा. सिस्टरांचा सारा जन्म ऑपरेशन थिएटरात डॉक्टरांच्या हातात हत्यारं देण्यात गेला. नवरा सहलीच्या बसवर ड्रायव्हर. तो घरी येई तेव्हा या निघालेल्या असत आणि या येत तेव्हा तो बस घेऊन तिसऱ्याच गावात. दोघं समोरासमोर आलीच तर सिस्टर ओट्यापाशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलत. एवढा मोठा संसार, पण त्यातलं निम्मं बोलणं ‘दूध तापवलंय’ आणि ‘किल्ली शेजारी दिलीय’ यातच आटोपलेलं.

ड्रायव्हरला हौस एकच होती. सहलीतली मंडळी गावोगावच्या फ्रेंच रेस्टॉरंटात दुपारचं जेवायला उतरत आणि हा बाहेर बसमध्ये मांडीवर डबा उघडून काचेतून आत बघत बसे. पांढरीशुभ्र टेबलं, पायांचे उंच पेले, एकमेकांकडे बघत निवांत जेवणारी माणसं. एक दिवस आपणही आत जाऊन बसायचं आणि समोर बायकोला बसवायचं, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हणून आता दोघं त्याच जुन्या रस्त्याने, गावं घेत घेत निघाली होती.

सगळं छान चाललं होतं. फक्त सिस्टर उपाशी राहत होत्या.

पहिल्या गावात लोण्यात परतलेला मासा आला. सिस्टरांनी दोन घास खाल्ले, तेवढ्यात त्यांना एका भुलीच्या डॉक्टरांची गंमत आठवली. ती रंगवून सांगून त्या खाली बघतात तर पुढ्यातलं ताट गायब. फ्रेंच लोकांत असंच असेल, म्हणून त्या गप्प बसल्या. दुसऱ्या गावात वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आली. तिचं एक तंगडं जेमतेम चाखून झालं आणि वेटरने तीही अलगद उचलली.

“तोंडचा घास काढून घेणं म्हणतात ते हेच!” सिस्टर बाहेर आल्यावर कडाडल्या. “नाव मोठं आणि लक्षण खोटं. तुमचं बरं सगळं पोटात जातं!”

“मी भराभर जेवतो ना. ड्रायव्हरची सवय,” नवरा म्हणाला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला पाव काढून त्याने त्यांच्या हातात ठेवला. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून सिस्टरांनी तो कुठून आला ते विचारलं नाही.

तिसऱ्या गावी पोचतात तोच हॉस्पिटलातून मेट्रनबाईंचा फोन आला. नव्या पोरींना चिमटा कुठला आणि कात्री कुठली कळत नाही, रोज अर्धा दिवस तरी कामावर परत या, असं त्या म्हणत होत्या. सिस्टरांनी तासाभरात कळवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून नवऱ्याला निकाल ऐकवला.

“आजचं जेवण धड झालं तर पुढचं गाव. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने घरी, आणि सोमवारपासून मी कामावर. तिथे निदान डबा तरी पुरा खाता येतो.”

ड्रायव्हरचा चेहरा पडला. पुढची कितीतरी गावं त्याच्या डोळ्यांपुढे होती. पण तो नुसतं “बरं” म्हणाला.

या वेळी बदकाची तंगडी आली. वरची कातडी कुरकुरीत आणि आत मांस असं मऊ, की सिस्टरांनी डोळेच मिटले. आता ताटावरून नजर हलवायची नाही, असा त्यांनी निश्चय केला. पण खिडकीतून समोर उभी असलेली बस दिसली आणि त्यांना आठवली ती लग्नानंतर नवऱ्याच्या रिकाम्या बसमधून मारलेली चक्कर. बोलायचं म्हणून त्यांनी काटा-सुरी ताटात ठेवली. पहिल्या वळणाची गोष्ट सांगून होते न होते तोच वेटरचा हात ताटाकडे आला.

“हात लावू नकोस!”

हा आवाज भल्याभल्या सर्जननी ऐकलेला होता. रेस्टॉरंटातले सगळे काटे जागच्या जागी थांबले. वेटरचं मनगट सिस्टरांच्या मुठीत होतं.

वेटर वयस्कर होता आणि सभ्यही. “बाई, तुम्हीच तर न्यायला सांगितलंत,” तो नम्रपणे म्हणाला. “काटा आणि सुरी ताटात अशी शेजारी शेजारी ठेवली, की जेवण झालं. अजून जेवायचं असेल तर दोन्ही अशी लांब लांब ठेवायची.”

सिस्टरांनी खाली बघितलं. काटा आणि सुरी एकमेकांना चिकटून, टोकं एका रेषेत, मुठी आपल्याकडे. थिएटरातल्या ट्रेमध्ये हत्यारं ठेवायची ती अशीच. वेडीवाकडी ठेवायला त्यांचा हात वळलाच नसता. म्हणजे दर गावात आपणच हाताने इशारा केला आणि वर बोटं मोडली फ्रेंचांच्या नावाने! हात दाखवून अवलक्षण ते हे. त्यांना हसू फुटलं, वेटरही हसला. हसत नव्हता तो फक्त नवरा. तो टेबलक्लॉथकडे बघत होता.

सिस्टरांचं हसू थांबलं. “अहो, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“बसमध्ये असल्यापासून. ताटांत काटे-सुऱ्या शेजारी शेजारी दिसायला लागल्या, की मी बस दारात आणून लावायचो.”

“आणि तरी मला उपाशी ठेवलंत?”

“पहिल्या दिवशी सांगणारच होतो.” त्याने टेबलक्लॉथवरची सुरकुती सपाट केली. “पण ताट गेलं आणि तू टेबलावर हात टेकून माझ्याशी बोलत बसलीस. आपल्या पोरीच्या लग्नाचं, तुझ्या थिएटरचं, काय काय. हातात काम असलं की तू त्या कामाची असतेस गं. म्हटलं, एक दिवस अजून जाऊ दे. चुकलंच माझं. पण मला फार बरं वाटत होतं.”

सिस्टरांनी वेटरचं मनगट सोडलं, पर्समधून फोन काढला आणि तिथेच मेट्रनबाईंना लावला. मेट्रनबाईंचा आवाज नेहमीसारखाच टेबलापलीकडे ऐकू जात होता.

“मला नाही जमणार यायला,” सिस्टर म्हणाल्या.

“का हो? घरी कुणी आजारी आहे का?”

“नाही. नवरा एकटा आहे.”

“अगं बाई! कधीपासून?”

सिस्टरांनी नवऱ्याकडे बघितलं.

“लग्न झाल्यापासून,” त्या म्हणाल्या.