म्हात्र्यांची निवटी

म्हात्रे कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणायचे आणि विचारायचे, "बंद पडलेलं काय हाय का?" आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, मी भंगारवालाच घेऊन आले. जरा वेळाने पाहतात तर त्यांचा जुना मिक्सर फरशीवर उघडा पडलेला. बेलापूरच्या आमच्या कचेरीत हे गृहस्थ वरिष्ठ लिपिक होते, पण खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. मूळचे बोनकोड्याचे. साहेबांपुढेही त्यांनी आपली आगरी बोली कधी सोडली नाही. "बंद पडला म्हनजे सगलाच मेला असं नाय, मॅडम. आत काय तरी जितं असतंच."

पन्नाशी उलटल्यावर म्हात्र्यांना लढणारा रोबो बनवायची हुक्की आली. वाशीच्या एका सभागृहात रोबोंच्या झुंजी होत. दोन यंत्रं पिंजऱ्यात सोडायची आणि एक बंद पडेपर्यंत भिडवायची. हरतोय असं वाटलं तर चालवणाऱ्याने हात वर करायचा, की झुंज थांबते. स्पर्धक सगळे कॉलेजातले. म्हात्र्यांना त्याचं काही नव्हतं. वॉशिंग मशीनच्या पत्र्याचं अंग झालं, बॅटरी मोडीत निघालेल्या स्कूटरची आणि पुढचं गरगरणारं पातं आमच्या सोसायटीच्या गवत कापायच्या यंत्राचं. बसक्या, चिखली रंगाच्या त्या ध्यानाला त्यांनी नाव दिलं निवटी. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, हाताला न लागणारा तो मासा.

अडलं ते चाकांपाशी. जोरकस मोटरी घरात एकाच ठिकाणी होत्या, त्यांच्या आईच्या विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खुर्ची मात्र ओटीवर चादर पांघरून उभी. कुणी मागायला आलं की म्हात्रे विषय बदलत. सगळ्या गावाची बंद यंत्रं उघडणाऱ्या या माणसाने त्या चादरीला कधी हात लावला नव्हता. शेवटी थोरल्या बहिणीने, अक्काने, परवानगी दिली ती एका अटीवर. झुंज झाली की मोटरी होत्या तशा खुर्चीत परत बसवायच्या. म्हात्र्यांनी निवटीवर हात ठेवून शब्द दिला.

झुंजीच्या सकाळी मी बोनकोड्याला पोचले तर अक्का निवटीला हळदकुंकू लावत होती. नवी होडी पाण्यात घालताना नारळ फुटतो, तसा इथेही फुटलाच पाहिजे. तिने तो निवटीच्या डोक्यावरच फोडला आणि पाणी सगळीकडून मनोभावे शिंपडलं. म्हात्रे हात जोडून, डोळे मिटून उभे. त्या पत्र्याला फटी आहेत, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

वाशीला निवटी जागची हलेना. झाकण उघडलं तर आत खोबऱ्याचा तुकडा, आणि मोटरींचा वेग सांभाळणारं सर्किट जळलेलं. एकच मार्ग उरला होता, मोटरी थेट बॅटरीला जोडायच्या. मग हळू चालणं नाही, नुसता पूर्ण जोर. कुठे अडकल्या तर जळणार. म्हात्र्यांनी वायरी सोलायला घेतल्या.

निवटी सुटली ती बेभान. पहिल्याच धडकेत तिने समोरच्या रोबोचं चाक उडवलं आणि पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. मग त्याने तिला भिंतीशी दाबून धरलं. चाकं अडली, धूर निघाला.

"हात वर करा म्हात्रे," मी म्हटलं.

"थांबव रं," अक्का कळवळली, "आयच्या मोटरी हायत त्या!"

त्यांचा हात अर्धा वर गेलासुद्धा. मग त्यांनी तो खाली घेतला. "अक्का, पाय गेल्यावरपन आय ती खुर्ची पलवत बाजारात भांडायला जायची. ओटीवर आपनच तिला बसवून ठेवलीय."

निवटी आणखी दोनदा उसळली आणि थंड पडली. आम्ही हरलो. जळक्या मोटरी मांडीवर घेऊन म्हात्रे हॉलच्या पायरीवर लहान पोरासारखे रडले. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मलाही आवरलं नाही.

पुढच्या महिन्यात म्हात्र्यांनी खुर्चीला बाजारातून नव्या मोटरी आणून बसवल्या आणि ती गल्लीतल्या एका लंगडत्या आजोबांना देऊन टाकली. मला कळलं ते म्हात्र्यांच्या घरी गेले तेव्हा. आम्ही दारात उभे होतो आणि आजोबा समोरून भरधाव आले, हातात भाजीची पिशवी. "बाजूला व्हा!" ते ओरडले. म्हात्रे बाजूला झाले, आणि खुर्ची वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत हसत बघत राहिले.